अणू तेच, जागा वेगळ्या!

भूगाव (ता. मुळशी) : चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर भूगाव येते. नव्या इमारतींमुळे शहराशी जोडल्या गेलेल्या अशा गावांतील विज्ञान शाखेची मुले बारावीला रसायनशास्त्रातील 'कोऑर्डिनेशन कंपाउंड' हे प्रकरण शिकतात. त्यातील 'आयसोमेरिझम' हा भाग बहुतेकांना गुणांपुरता पाठ करावयाचा विषय वाटतो. परीक्षा संपली, की तो विसरला जातो. मात्र, अशाच एखाद्या वस्तीतून कोणी ना कोणी रुग्ण केमोथेरपीसाठी पुण्यातील रुग्णालयात जात असतो आणि त्याला सलाईनमधून अनेकदा 'सिसप्लॅटिन' नावाचे औषध दिले जाते. पुस्तकातील ते पान आणि रुग्णाच्या उशाशी टांगलेली ती बाटली यांचा अगदी थेट संबंध आहे. कारण सिसप्लॅटिनमध्ये जे अणू आहेत, तेच अणू, तितक्याच संख्येने असलेला दुसरा एक पदार्थ आहे आणि तो औषध म्हणून निरुपयोगी आहे. फरक आहे तो केवळ अणूंच्या जागांचा.

समघटकता म्हणजे काय?

दोन पदार्थांचे रेणुसूत्र एकच, पण अणूंची मांडणी वेगळी आणि त्यामुळे गुणधर्मही वेगळे, अशा पदार्थांना 'समघटक' म्हणतात आणि या गुणाला 'समघटकता'. दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन एवढ्याच अणूंपासून इथाइल अल्कोहोल हा द्रव तयार होतो आणि मांडणी बदलली, तर डायमिथाइल ईथर हा वायू. कार्बनी रसायनशास्त्रातील हे उदाहरण अनेकांना परिचित असते. धातूंच्या संयुगांमध्ये हाच प्रकार अधिक रंगतदार होतो, तो अक्षरशः रंगांसह.

ज्या संयुगांत मध्यभागी धातूचा अणू किंवा आयन असतो आणि त्याभोवती ठरावीक संख्येने रेणू वा आयन जोडलेले असतात, त्यांना सहसंबद्ध संयुगे, म्हणजेच कोऑर्डिनेशन कंपाउंड, असे म्हणतात. भोवतालच्या रेणूंना 'लिगंड' हे नाव आहे. ही संयुगे प्रयोगशाळेपुरती मर्यादित नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये लोह, पानांतील हरितद्रव्यात मॅग्नेशियम आणि ब-१२ जीवनसत्त्वात कोबाल्ट अशाच पद्धतीने मध्यभागी बसलेला असतो.

प्रकार किती?

या संयुगांतील समघटकतेचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात कोण कोणाला जोडले आहे, हेच बदलते. हिरव्या आणि जांभळ्या रंगांत मिळणारे सजल क्रोमियम क्लोराइड हे याचे चांगले उदाहरण. जांभळ्या प्रकारात पाण्याचे सहाही रेणू क्रोमियमला जोडलेले असतात आणि तीनही क्लोराइड बाहेर मोकळे असतात. हिरव्या प्रकारांत काही क्लोराइड आत शिरून धातूला चिकटतात आणि पाण्याचे तेवढेच रेणू बाहेर पडतात. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाशी केवळ बाहेरचे क्लोराइड लगेच साका देतात. त्यामुळे साक्याच्या वजनावरून आत किती आणि बाहेर किती, याचा हिशेब मांडता येतो. याच गटात आणखी एक प्रकार येतो. नायट्राइट हा लिगंड नायट्रोजनच्या बाजूने कोबाल्टला जोडला गेला, तर पिवळे संयुग मिळते आणि ऑक्सिजनच्या बाजूने जोडला गेला, तर तांबूस.

दुसऱ्या गटात कोण कोणाला जोडले आहे, ते तसेच राहते. पण अवकाशातील जागा बदलतात. त्यातही दोन उपप्रकार आहेत. डावी आणि उजवी चप्पल एकाच मापाची असली, तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. एकमेकींच्या आरशातील प्रतिमा असलेल्या अशा रेणूंना प्रकाशीय समघटक म्हणतात. दुसरा उपप्रकार भौमितिक समघटकतेचा. सिसप्लॅटिनची कथा याच उपप्रकारातील आहे.

चौकाचे उदाहरण

चार रस्ते एकत्र येतात, असा गावातील चौक डोळ्यांपुढे आणावा. चौकाच्या मध्यभागी प्लॅटिनमचा अणू आहे. चार कोपऱ्यांवर चार घरे असून, त्यांपैकी दोन घरांत अमोनिया आणि दोन घरांत क्लोराइड राहतो. आता या चौघांना किती प्रकारे बसविता येईल? दोन्ही क्लोराइड शेजारच्या कोपऱ्यांवर राहतील किंवा समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. तिसरा पर्याय नाही. शेजार असलेल्या मांडणीला 'सिस' आणि समोरासमोरच्या मांडणीला 'ट्रान्स' म्हणतात. हे शब्द लॅटिन असून, त्यांचा अर्थ अनुक्रमे 'अलीकडे' आणि 'पलीकडे' असा आहे. म्हणजे सिसप्लॅटिन हे 'एकाच बाजूचे' आणि ट्रान्सप्लॅटिन हे 'आरपारचे' प्लॅटिनम संयुग होय.

हे दोन्ही पदार्थ १८४४-४५च्या सुमारासच हाती आले होते. मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने बनविलेला पदार्थ 'पेरोनेचे लवण' म्हणून ओळखला गेला. तेच आजचे सिसप्लॅटिन. फ्रान्समधील झ्यूल रेझे यांनी बनविलेला पदार्थ म्हणजे ट्रान्सप्लॅटिन. दोहोंचे पृथक्करण केले, की घटकांचे प्रमाण एकच निघत असे आणि तरीही पदार्थ मात्र वेगळे. हे कोडे पुढे जवळपास अर्धशतक सुटले नाही.

वेर्नर यांचा हिशेब

हे कोडे सोडविले आल्फ्रेड वेर्नर यांनी. झुरिचमध्ये कार्यरत राहिलेल्या वेर्नर यांनी १८९३मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, आपला सिद्धांत मांडला. क्ष-किरणांच्या साह्याने स्फटिकाची रचना पाहण्याचे तंत्र तेव्हा अस्तित्वातही नव्हते. त्यांच्याजवळ साधन होते, ते केवळ समघटक मोजण्याचे. प्लॅटिनमभोवतीचे चार लिगंड चतुष्फलकाच्या टोकांवर असते, तर दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड यांची एकच मांडणी शक्य होती. कारण चतुष्फलकात प्रत्येक टोक दुसऱ्याच्या शेजारीच असते. प्रत्यक्षात दोन पदार्थ सापडतात. याचा अर्थ रचना सपाट आणि चौरस असली पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले.

सहा लिगंड असलेल्या कोबाल्टच्या संयुगांनाही त्यांनी हीच रीत लावली. चार अमोनिया आणि दोन क्लोराइड असलेल्या संयुगाचे, रचना सपाट षटकोनी किंवा त्रिकोणी लोलकासारखी असल्यास, तीन समघटक निघायला हवेत. अष्टफलक असल्यास दोनच. हिरवा प्रकार माहीत होता. जांभळा प्रकार सापडेल, असे वेर्नर यांचे भाकीत होते आणि १९०७मध्ये तो त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला. डेन्मार्कचे सोफस माड्स यॉर्गेनसन हे त्यांचे मोठे टीकाकार. त्यांनीही त्यानंतर आपला विरोध सोडला. १९११मध्ये वेर्नर यांनी कोबाल्टच्या संयुगाचे डावे आणि उजवे रूप वेगळे करून दाखविले आणि १९१३मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अपघाताने सापडलेले औषध

या सर्व काळात पेरोनेचे लवण पुस्तकातच राहिले. त्याला रुग्णालयात नेले, ते एका वेगळ्याच प्रयोगाने. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे विद्युतक्षेत्राचा जिवाणूंच्या विभाजनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करीत होते. विद्युताग्रे प्लॅटिनमची होती. कारण प्लॅटिनम हा निष्क्रिय धातू मानला जातो. प्रयोगात जिवाणूंचे विभाजन थांबले. मात्र त्यांची वाढ होतच राहिली आणि ते नेहमीच्या लांबीच्या सुमारे ३०० पट लांब धाग्यांसारखे झाले. हा परिणाम विजेचा नव्हता. विद्युताग्रांतून सुटलेले प्लॅटिनम द्रावणातील अमोनिया आणि क्लोराइडशी संयोग पावून नवी संयुगे तयार करीत होते, असे शोधाअंती लक्षात आले. हे निष्कर्ष १९६५मध्ये प्रसिद्ध झाले.

पेशींचे विभाजन थांबविणारा पदार्थ कर्करोगावरही चालेल काय, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. १९६९मध्ये उंदरांमधील गाठींवर सिस रूपाचा परिणाम झाल्याचे दिसले. ट्रान्स रूपाचा तसा परिणाम दिसला नाही. पुढे इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४पासून वृषणाच्या कर्करोगावर अन्य औषधांच्या जोडीने सिसप्लॅटिन वापरले आणि पूर्वी बहुधा जीवघेणा ठरणारा हा आजार बहुतांश रुग्णांमध्ये बरा होऊ लागला. डिसेंबर १९७८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिसप्लॅटिनला मान्यता दिली.

पेशीत नेमके काय घडते?

रक्तात क्लोराइडचे प्रमाण भरपूर असल्याने सिसप्लॅटिन तेथे बहुतांशी जसेच्या तसे राहते. पेशीच्या आत क्लोराइड बरेच कमी असते. तेथे पोचल्यावर रेणूतील क्लोराइड गळून पडतात आणि त्यांच्या जागी पाण्याचे रेणू येतात. असा मोकळा हात मिळालेले प्लॅटिनम 'डीएनए'च्या धाग्यातील ग्वानिन या घटकाच्या नायट्रोजनला पकडते. क्लोराइडच्या दोन्ही जागा शेजारी असल्याने प्लॅटिनमचे दोन्ही हात एकाच बाजूला असतात. त्यामुळे एकाच धाग्यावर लागून असलेले दोन ग्वानिन ते एकदम धरू शकते. या पकडीने 'डीएनए'ची शिडी त्या जागी वाकते, तिची नक्कल करण्याचे काम अडते आणि नुकसान दुरुस्त न झाल्यास पेशी मरते. वेगाने विभाजित होणाऱ्या कर्कपेशींना याचा फटका अधिक बसतो.

ट्रान्सप्लॅटिनचे दोन्ही हात परस्परविरुद्ध दिशांना असतात. शेजारचे दोन ग्वानिन एकदम धरणे त्याला जमत नाही. ते अन्य ठिकाणी चिकटते, शरीरातील इतर रेणूंशीही लवकर संयोग पावते. पण उपयुक्त परिणाम साधत नाही. चौकातील दोन घरांची अदलाबदल एवढाच काय तो फरक. पण त्यावर औषध ठरते की नाही, हे अवलंबून असते.

एकच रूप कसे बनवितात?

असे असल्याने कारखान्यात केवळ सिस रूपच तयार होणे अत्यावश्यक ठरते. त्यामागील तत्त्व रशियन शास्त्रज्ञ इल्या चेर्न्यायेव्ह यांनी १९२६मध्ये सांगितले. काही लिगंड आपल्या बरोबर समोर बसलेल्याची पकड ढिली करतात. क्लोराइडची ही ताकद अमोनियापेक्षा अधिक आणि आयोडाइडची क्लोराइडहूनही अधिक. चारही कोपऱ्यांवर आयोडाइड असताना एक अमोनिया आत शिरला, की उरलेल्या तीन आयोडाइडपैकी दोन परस्परांसमोर येतात आणि एकमेकांची पकड ढिली करतात. तिसऱ्यासमोर अमोनिया असल्याने तो घट्ट राहतो. त्यामुळे दुसरा अमोनिया पहिल्याच्या शेजारीच जागा मिळवितो आणि सिस रूप तयार होते. उलट चार अमोनियांपासून सुरुवात केली, तर पहिला क्लोराइड आपल्या समोरच्या अमोनियाला हुसकावतो आणि ट्रान्स रूप मिळते.

सिसप्लॅटिन बनविण्याची जी रीत आजही पाठ्यपुस्तकांत दिली जाते, ती एस. सी. धारा यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती १९७०मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री' या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. त्यात प्लॅटिनमच्या क्लोराइड लवणाचे आधी आयोडाइडमध्ये रूपांतर करतात, मग अमोनिया मिसळतात, त्यानंतर सिल्व्हर नायट्रेटने आयोडाइड काढून टाकतात आणि शेवटी पोटॅशियम क्लोराइड घालून पिवळे सिसप्लॅटिन मिळवितात. आयोडाइडचा हा वळसा केवळ शुद्ध सिस रूपासाठी घेतलेला असतो.

दोन्ही रूपांतील फरक ओळखण्याची जुनी परीक्षा निकोलाय कुर्नाकोव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. पदार्थात थायोयुरिया मिसळल्यास सिस रूपातील चारही लिगंड बदलले जाऊन पिवळा पदार्थ मिळतो. ट्रान्स रूपात दोनच क्लोराइड बदलतात आणि पांढरा पदार्थ मिळतो. आज औषध कारखान्यांत याहून कितीतरी सूक्ष्म उपकरणे वापरली जातात आणि औषधात ट्रान्स रूपाचा अंश किती चालेल, याची कमाल मर्यादा औषधसंहितांत ठरवून दिलेली असते.

टाटा रुग्णालयातील अभ्यास

महाराष्ट्राच्या दृष्टीने या औषधाचे महत्त्व विशेष आहे. २०२०च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३५ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २३ हजार नवे रुग्ण आढळले. राज्यात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. तरीही तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कर्करोग थांबलेले नाहीत. या दोन्ही आजारांत किरणोपचारांच्या जोडीने सिसप्लॅटिन दिले जाते.

ते कोणाला, किती आणि कसे द्यावे, याविषयीचे महत्त्वाचे पुरावे मुंबईतील टाटा मेमोरिअल रुग्णालयाने दिले आहेत. गर्भाशयमुखाचा कर्करोग तिसऱ्या टप्प्यात, ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोचलेल्या स्त्रियांना सिसप्लॅटिनचा फायदा होतो की नाही, याबद्दल पुरेसा पुरावा नव्हता. श्याम किशोर श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी २००३ ते २०११ या काळात अशा ८५० स्त्रियांना अभ्यासात सामावून घेतले. निम्म्या स्त्रियांना केवळ किरणोपचार आणि निम्म्यांना किरणोपचारांसह दर आठवड्याला सिसप्लॅटिन देण्यात आले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण केवळ किरणोपचारांच्या गटात ४६ टक्के, तर सिसप्लॅटिनच्या गटात ५४ टक्के होते. दर १०० स्त्रियांमागे आठ अधिक स्त्रिया, असा याचा सरळ अर्थ.

त्याच वर्षी वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांचा डोके व मानेच्या कर्करोगावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रास कमी व्हावा म्हणून अनेक ठिकाणी दर आठवड्याला अल्प मात्रा देण्याची प्रथा होती. ३०० रुग्णांच्या या अभ्यासात आठवड्याला ३० मिलिग्रॅम आणि तीन आठवड्यांतून एकदा १०० मिलिग्रॅम (दोन्ही शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे) यांची तुलना केली गेली. दोन वर्षांनंतर मूळ जागी आजार आटोक्यात राहण्याचे प्रमाण अनुक्रमे ५८.५ आणि ७३.१ टक्के आढळले. अर्थात, मोठ्या मात्रेच्या गटात तीव्र दुष्परिणामही अधिक होते. पुढे २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधील अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांमध्ये, दर आठवड्याला ४० मिलिग्रॅमची मात्रा मोठ्या मात्रेपेक्षा कमी ठरत नाही, असे दिसले. योग्य रूपाइतकीच योग्य मात्राही महत्त्वाची, हाच या सर्व अभ्यासांचा बोध आहे.

मर्यादा आणि नवी भावंडे

सिसप्लॅटिन हे सौम्य औषध नव्हे. तीव्र उलट्या, मूत्रपिंडांना इजा, हातापायांना मुंग्या येणे आणि श्रवणशक्ती, विशेषतः उंच स्वर ऐकण्याची क्षमता, कमी होणे हे त्याचे ठळक दुष्परिणाम आहेत. म्हणूनच औषधाच्या आधी आणि नंतर शिरेवाटे भरपूर सलाईन दिले जाते आणि रक्ततपासणी करून मूत्रपिंडांच्या कार्यावर लक्ष ठेवले जाते. औषध मिठाच्या सलाईनमध्येच मिसळण्यामागेही रसायनशास्त्र आहे. क्लोराइडविरहित द्रावणात त्याचे क्लोराइड बाटलीतच गळू लागतील. ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई वापरण्यासही मनाई असते. कारण त्या धातूशी संयोग होऊन प्लॅटिनम बाहेर पडते आणि औषध वाया जाते.

दुष्परिणाम कमी करण्याच्या प्रयत्नांतून १९८०च्या दशकात कार्बोप्लॅटिन आले. त्यातही दोन अमोनिया शेजारीच आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील ऑक्सालिप्लॅटिनचा शोध जपानमध्ये योशिनोरी किदानी यांनी १९७६मध्ये लावला. तेथे समघटकता दुहेरी आहे. प्लॅटिनमभोवतीची मांडणी सिस तर आहेच, शिवाय त्याला जोडलेला कार्बनी लिगंड विशिष्ट 'हाताचा'च घेतलेला आहे. चौकातील शेजार आणि चप्पलेचा पाय, दोन्ही येथे एकत्र आले आहेत.

रुग्णांनी लक्षात ठेवावे असे

सिसप्लॅटिन सुरू असताना कानात आवाज येणे, कमी ऐकू येणे, लघवीचे प्रमाण घटणे किंवा हातापायांना बधिरपणा येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास ते 'केमोचा त्रास' म्हणून सहन करीत न बसता डॉक्टरांना तत्काळ सांगावे. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्यांतील काही मूत्रपिंडांवरील ताण वाढवितात. एखादी फेरी चुकविण्याचा निर्णयही डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत सिसप्लॅटिनचा समावेश आहे. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी बनविलेले एक पिवळे लवण, समघटक मोजून त्याचा आकार ओळखणारा एक शिक्षक आणि चुकलेल्या अंदाजाचा पाठपुरावा करणारा एक संशोधक, अशा टप्प्यांतून ते रुग्णापर्यंत पोचले आहे. बारावीच्या पुस्तकात 'सिस' आणि 'ट्रान्स' या दोन आकृत्या शेजारी छापलेल्या असतात. त्यांतील पहिली आकृती पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे, की ती कोणाच्या तरी घरातील माणसाच्या उपचारांचे चित्र आहे.